हुकावरचं वजन

तीन टन वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर एकदा चालू लागली, की तिला तशीच चालती ठेवायला किती जोर लागतो? साधारण तीस किलोचा. चाकांत हवा नीट भरलेली असेल आणि बेअरिंग चांगली असतील, तर एक दणकट माणूस खांद्यावर दोर टाकून तीन टन सावकाश ओढत नेऊ शकतो. वजनाच्या शंभराव्या हिश्शाएवढा जोर पुरतो, बाकी सगळं चाकाचं काम. रबरी टायर रस्त्याला टेकतो तिथे किंचित चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो, आणि या दबण्या-फुगण्यात जी थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते तेवढीच आपल्याला भरून द्यावी लागते. कच्च्या रस्त्यावर चाक मातीत रुततं, म्हणून हाच आकडा तीन-चार-पाच पट होतो. तरीही तो वजनाच्या मानाने थोडकाच राहतो.

हे समजून घ्यायला निफाड तालुक्यातल्या ओझरइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात ओढण्याचे इतके प्रकार एकाच परिसरात पाहायला मिळतात, की कोणीतरी मुद्दाम प्रयोगशाळा मांडून ठेवली असावी असं वाटतं. चंपाषष्ठीला इथे खंडेराव महाराजांची यात्रा भरते आणि बारागाडे ओढले जातात. एकामागे एक जोडलेल्या गाड्या, वर माणसांची दाटी, भंडाऱ्याची उधळण, आणि 'येळकोट येळकोट'च्या गजरात ती सगळी माळ हलते. खानदेशातल्या अनेक गावांत हेच बारागाडे भगत ओढतो. माणसांसकट एकेका गाडीचं वजन अर्धा टन धरलं, तर बारा गाड्यांचे सहा टन होतात. घट्ट मातीवर त्यांना चालतं ठेवायला दोनशे-तीनशे किलोचा जोर हवा. सहा टनांपुढे हा आकडा किती लहान आहे! आणि जोडणीत थोडी ढील असली, तर साऱ्या गाड्या एकदम हलवाव्या लागत नाहीत. पहिली हलते, तिचा वेग दुसरीला झटका देतो, दुसरीचा तिसरीला. जुन्या काळच्या मालगाड्यांची इंजिनंही जोडणीतल्या या ढिलीचा फायदा घेत आणि लांबच लांब गाडी एकेक डबा करत जागेवरून हलवत. चाक आणि ढील यांचं हे गणित कोणी कागदावर मांडण्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या लोकांच्या हाताला ते ठाऊक होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता त्याच गावाच्या दुसऱ्या बाजूला या. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा इथला कारखाना १९६४ सालचा. मिग-२१ इथे तयार झाली, पुढे सुखोई-३० एमकेआय, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ ए ने इथूनच उड्डाण केलं. आकाशात ध्वनीला मागे टाकणारं विमान जमिनीवर मात्र ट्रॅक्टरच्या मागून माणसाच्या चालीने येतं. हँगरमध्ये इंजिन चालू करता येत नाही, म्हणून त्याला ओढूनच आत-बाहेर करावं लागतं. रिकामं सुखोई सुमारे अठरा टनांचं. काँक्रीटवर त्याला हलतं ठेवायला दोन-तीनशे किलोचा जोर पुरतो.

मग ओढणारं वाहन एवढं जड का असतं? इंजिनात कितीही ताकद असली तरी ती रस्त्यापर्यंत पोचते टायरच्या पकडीतून, आणि पकड अवलंबून असते टायरवर किती वजन आहे त्यावर. कोरड्या काँक्रीटवर टायर आपल्या अंगावरच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्के जोर लावू शकतो, ओल्यावर त्याहून बराच कमी. त्यापलीकडे चाक नुसतं फिरतं. म्हणून विमान ओढणारी वाहनं मुद्दाम जड बांधतात. आपल्याकडचे शेतकरी याच कारणासाठी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात आणि पुढे बिडाची वजनं अडकवतात. विमान आणि ट्रॅक्टर यांच्यामधल्या दांड्यात एक पिन असते, ती जाणूनबुजून कमजोर ठेवलेली. जोर प्रमाणाबाहेर गेला किंवा वळण फार आखूड पडलं, तर ती पिन तुटते आणि विमानाचं पुढचं चाक वाचतं. काही रुपयांच्या धातूच्या तुकड्याने कोट्यवधींच्या यंत्राच्या वतीने तुटायचं, ही योजनाच मला अतिशय सुंदर वाटते.

म्हणजे ओढण्यासाठी लागणारा जोर हा प्रश्नाचा सोपा भाग झाला. अवघड भाग कुठे आहे, हे बघायला थोडं लांब, अमेरिकेत जाऊ.

तिकडे लोक सुट्टीत घरच मागे बांधून निघतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली: आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांबरोबर अशा मागे जोडायच्या गाड्यांचाही विचार आहे. पण रस्त्यावर त्या अजून क्वचितच दिसतात. अमेरिकेत हा ट्रेलर ओढायला अनेक जण 'हाफ-टन' पिकअप वापरतात: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००. नाव जुनं आहे. पूर्वी अशा गाडीच्या पाठीवर अर्धा टन माल घालता येई, म्हणून ती हाफ-टन. आज ती सातशे-आठशे किलो सहज वाहते आणि चार-पाच टन ओढते, असं कंपन्या सांगतात.

ओझरजवळच्या पिंपळगावच्या बाजारात कांदा-टोमॅटो आणणारी आपली बोलेरो पिकअप यापुढे ठेवून पाहा. तिचं इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचं, आणि पाठीवर ती सव्वा ते पावणेदोन टन माल घेते. अमेरिकन पिकअपचं इंजिन तीन-चारशे अश्वशक्तीचं, आणि पाठीवर मात्र त्याच्या निम्मंच. त्यांची गाडी ओढायला बनवलेली, आपली वाहायला. आणि गंमत अशी, की त्या ओढणाऱ्या गाडीची मर्यादा शेवटी ठरते ती पाठीवरच्या वजनानेच.

हिशेब करून बघू. ट्रेलर तीन टनांचा आहे. तो नीट मागे यावा म्हणून त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या दांड्यातून पिकअपच्या हुकावर पडावा लागतो. म्हणजे तीनशे ते साडेचारशे किलो. मधला आकडा घेऊ, चारशे. हे चारशे किलो पिकअपच्या दृष्टीने पाठीवर टाकलेला मालच. त्यात नवरा-बायको, दोन मुलं, बर्फाची पेटी, सायकली. चालकाच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. साडेसातशे म्हटलं असेल, तर ते संपलं. जाहिरातीतल्या पाच टनांपैकी अजून दोन टन ओढायची ताकद शिल्लक आहे, पण पाठ भरली.

आणि ते चारशे किलो पडतात कुठे? मागच्या आसाच्याही मागे, साधारण दीड मीटरवर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पावणेचार मीटर धरलं, तर तराजूच्या दांडीचा नियम सांगतो की मागच्या चाकांवर ५६० किलो वाढतील आणि पुढच्या चाकांवरून १६० किलो कमी होतील. चारशे ठेवले आणि मागे पाचशे साठ वाढले! वरचे एकशे साठ पुढून उचलून आलेले. ज्या चाकांनी गाडी वळवायची, ती चाकंच हलकी झाली. यावर उपाय म्हणून हुकाच्या दोन्ही बाजूंना लांब पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या लावतात. त्या ताणल्या की हुकाचा सांधा वर-खाली वाकायला कडक होतो, पिकअपचं शेपूट वर रेटलं जातं, आणि गेलेल्या वजनातलं बरंचसं पुढच्या चाकांवर परत येतं. काही ट्रेलरच्या चाकांकडे जातं. एकूण वजन तेवढंच राहतं, फक्त त्याची वाटणी बदलते.

ओझरच्या रस्त्यावर उसाचा किंवा कांद्याचा ट्रॅक्टर बघताना हेच दिसतं. दोनचाकी ट्रॉलीत माल पुढे जास्त भरला, की ट्रॅक्टर पुढून उचलतो, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि चढावर पुढची चाकं हवेत जातात. ट्रॅक्टरचा हुक आसाच्या खाली, जमिनीजवळ असतो तोही याचसाठी. साखळी आसाच्या वर कुठे अडकवून रुतलेलं काही ओढायला गेलं, तर ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती फिरून उलटा पडू शकतो, आणि अशा अपघातांत माणसं गेली आहेत. उलट माल मागे जास्त झाला तर बैलगाडीवाल्यांना कधीपासून माहीत असलेला प्रकार होतो: गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. चारचाकी ट्रॉलीत मात्र पुढचा आस चकतीवर फिरतो आणि सगळं वजन ट्रॉली स्वतःच उचलते, हुकावर जवळजवळ काही येत नाही. द्राक्षांचे कंटेनर घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले ट्रेलर आणखी वेगळे. त्यांचा सांधा ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या मागे नसतो, त्यांच्या वर किंवा किंचित पुढे असतो. म्हणून कितीतरी टन त्यावर टेकले तरी पुढची चाकं उचलली जात नाहीत, उलट थोडी दाबलीच जातात. हुक अर्धा-एक मीटर पुढे-मागे केल्याने एवढा फरक!

पण हुकावर वजन हवंच कशाला? ते शून्य ठेवलं तर पाठही वाचेल आणि पुढची चाकंही. वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रॉलीला ते चालतं. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या ट्रेलरला चालत नाही, आणि त्याचं कारण या सगळ्या विषयातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट आहे.

बाजूने मोठी बस सुसाट निघून गेली, की तिच्या हवेच्या लोटाने ट्रेलर किंचित हलतो. हुकाभोवती तो डावी-उजवी झुलू लागतो. त्याला थांबवतात त्याचे स्वतःचे टायर. टायरचं तोंड एका दिशेला आणि प्रत्यक्ष चाल किंचित वेगळ्या दिशेला झाली, की दोन्हींत बारीकसा कोन पडतो, आणि त्या कोनाच्या प्रमाणात रस्ता टायरला उलटं ढकलतो. आता समजा ट्रेलर सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आडवा सरकतोय. पिकअप ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली असेल, तर आडवं सरकणं पुढच्या चालीच्या विसाव्या हिश्शाएवढं. ताशी १०८ ला, सेकंदाला ३० मीटरला, तेच सरकणं साठावा हिस्सा. झुलणं तेच, पण कोन तिपटीने लहान, म्हणून झुलणं शमवणारा जोरही तिपटीने कमी! वेग वाढतो तसा रस्ता ट्रेलरला सावरणं सोडत जातो. एका ठरावीक वेगाच्या पुढे तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि ट्रेलर पिकअपचं शेपूट धरून हलवू लागतो. तीन-चार झोक्यांत दोन्ही वाहनं आडवी.

हा घातक वेग कुठे येईल, ते माल कुठे ठेवलाय त्यावर ठरतं. वजन ट्रेलरच्या आसाच्या पुढे असलं, म्हणजेच हुकावर दहा-पंधरा टक्के पडलं, तर तो वेग बराच वर जातो. वजन मागे सरकलं तर रोजच्या वेगातच तो गाठला जातो. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खेळण्यातला ट्रेलर चालवून हे दाखवतात: वजनाचा ठोकळा पुढे असताना बोटाने टिचकी मारली तर झुलणं लगेच थांबतं, तोच ठोकळा मागे सरकवून तीच टिचकी मारली, की काही क्षणांत ट्रेलर उधळतो. युरोपातल्या कॅराव्हॅनच्या हुकावर अमेरिकेपेक्षा बरंच कमी वजन ठेवतात आणि तरी त्या सुरळीत चालतात, कारण तिथे त्यांच्यावर वेगाची बंधनं आहेत. जर्मनीत ताशी ८०, आणि गाडी खास मंजुरीची असेल तर १००.

एक बारकावा सहज निसटतो. हुकावरचं वजन बरोबर असूनही ट्रेलर झुलू शकतो. पुढच्या टोकाला पाण्याची भरलेली टाकी आणि मागच्या टोकाला लोखंडी स्टँडवर चार सायकली, असं केलं तर काटा बरोबर दाखवेल, पण दोन्ही टोकं जड झालेला ट्रेलर एकदा फिरू लागला की थांबायचा नाही. जड सामान मधे, आसाच्या जवळ आणि किंचित पुढे, हाच नियम. आणि झुलणं सुरू झालंच, तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, कारण मग पुढची गाडी हळू होते आणि मागची तिला तिरकी रेटते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. म्हणजे मागून ओढ बसते आणि दोन्ही वाहनं एका रेषेत येतात.

ओढायला तीस किलो पुरतात म्हटलं, तर मग तीन-चारशे अश्वशक्ती कशाला? वाऱ्यासाठी. अडीच मीटर रुंद आणि तितकीच उंच सपाट भिंत ताशी शंभर किलोमीटरने पुढे न्यायची, तर हवा अडीचशे किलोच्या आसपास जोराने उलटं ढकलते. त्यापायी नव्वदेक अश्वशक्ती लागते, म्हणजे आपल्या बोलेरो पिकअपचं अख्खं इंजिन आणि वर थोडं, फक्त हवा बाजूला सारायला. वेग निम्मा केला तर हवेचा जोर चौथाई होतो.

आणि घाटासाठी. ओझरहून मुंबईकडे निघालं की इगतपुरीपुढे कसारा घाट लागतो. मुंबईकडून येताना तिथली रेल्वे दर ३७ मीटरला एक मीटर चढते. डोळ्याला हा चढ नगण्य वाटतो. पण पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं सहज चालतं, की हजार टनांच्या गाडीला सपाटीवर दोन-तीन टनांचा जोर पुरतो, आणि या चढावर आणखी सत्तावीस टन लागतात. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं, बँकर, लावतात. ती मागून रेटतात, त्यामुळे सगळा ताण पुढच्या जोडण्यांवर येत नाही.

चढ निदान प्रामाणिक असतो. ताकद नसेल तर गाडी थांबते. उतार तसा नाही. तीन टनांचा ट्रेलर आणि अडीच टनांची पिकअप मिळून घाटातून तीनशे मीटर खाली आली, तर जी शक्ती मोकळी होते तिने सुमारे पन्नास लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिन पचवतं. नाहीतर ती ब्रेकमध्ये साठते, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. आपल्याकडच्या बहुतेक शेतीच्या ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला रेटते तेव्हा पुढचा एकटा ट्रॅक्टर दोघांसाठी थांबत असतो, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण उपाय अवघड नाही. युरोपातल्या अनेक कॅराव्हॅनमध्ये वीजही लागत नाही: पुढची गाडी हळू झाली की मागची तिच्यावर रेलते, त्या रेटण्यानेच दांड्यातला दट्ट्या आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. जितकं जास्त रेटेल, तितकं जास्त थांबेल! अमेरिकेत ब्रेकच्या ड्रममध्ये विजेचं चुंबक असतं. शिवाय एक बारीक तार पिकअपला बांधलेली असते. हुक सुटून ट्रेलर निसटला तर ती तार खटका ओढते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे ब्रेक लावते. हुकाखाली दोन साखळ्या असतात, त्या फुलीसारख्या एकमेकींना छेद देऊन लावायच्या. म्हणजे दांडा निखळला तर जमिनीत घुसण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

राहिलं रिव्हर्स. पुढे जाताना ट्रेलर आपोआप मागे सरळ होतो. मागे जाताना आपोआप वाकडा. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर ट्रेलर उजवीकडे वळतो, आणि एकदा वळू लागला की वळतच जातो. ट्रेलर जितका आखूड तितका तो झटपट बिघडतो. लांब ट्रेलर सावरायला वेळ देतो. हे कोडं इतकं चांगलं आहे, की १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेरिक न्युएन आणि बर्नार्ड विड्रो यांनी संगणकातल्या ट्रेलरला धक्क्याला लावायचं काम एका न्यूरल नेटवर्कला शिकवलं. आजच्या यंत्रबुद्धीच्या सुरुवातीच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी तो एक. त्यांच्या ट्रेलरला एकच सांधा होता. चारचाकी ट्रॉलीला दोन असतात, एक हुकाशी आणि एक फिरत्या चकतीशी, आणि तरीही बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या गर्दीत ती मागे घेऊन ओळीत लावणारे ड्रायव्हर आहेत. दोन ट्रॉल्या असल्या तर जाणता ड्रायव्हर मागची पिन काढून ती आधी सोडतो.

पहिल्यांदाच शिकणाऱ्याने, एकाच सांध्याच्या ट्रेलरसाठी, हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे धरावा. तिथून हात डावीकडे सरकवला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे सरकवला की उजवीकडे. हात थोडाच हलवावा, गाडी अगदी सावकाश घ्यावी, आणि दोन्ही वाहनांत फार कोन पडला तर तसंच रेटण्यापेक्षा गाडी पुढे घेऊन सरळ करावी आणि नव्याने सुरुवात करावी.